नहरीपलीकडची डुकरं

१४ मार्च १९९७, शुक्रवार

डॉक्टरांनी सांगितलं म्हणून लिहितोय, हौस म्हणून नाही. झटका कोणत्या तारखेला आला, किती वेळ टिकला, त्याआधी काय चाललं होतं, सगळं लिहून ठेवा म्हणाले. ही वही यार्नवाल्या शेठनं दिवाळीला दिली होती. वर लक्ष्मीचं चित्र आहे, आत लक्ष्मीचा पत्ता नाही.

तर, झटका काल दुपारी साडेतीनला आला. नूतन साडीला चमकीची टिक्की लावत होती. माझी बायको सरस्वती तिच्या शेजारीच बसलेली. ती सांगते, आधी डावा हात उडायला लागला, मग डोळे फिरले, दातखीळ बसली. दोन-तीन मिनिटं चाललं. चाळीतल्या बाया धावत आल्या. एकीनं कांदा फोडून हुंगवला, दुसरीनं दारातली माझी चप्पल उचलून तिच्या नाकाशी धरली. शुद्धीवर आल्यावर नूतननं पहिली साडी बघितली, डाग पडला की काय म्हणून.

हा दुसरा झटका. पहिला महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, पाणी भरताना.

नूतन माझी धाकटी बहीण, एकोणीस वर्षांची. बाप गेला तेव्हा ती चार वर्षांची होती. मी तिला खांद्यावर घेऊन गावाकडून सुरतेला आलो. लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर, बारा-बारा तास उभं राहून तिला दहावीपर्यंत शिकवलं. १८ मेला तिचं लग्न आहे, उधन्याच्या पांडुरंगकाकांच्या गणेशशी. दोन महिने राहिले आणि आता हे. कोणावर चिडावं ते कळत नाही, म्हणून सकाळी सरस्वतीवर चिडलो. तिची काही चूक नव्हती.

२१ मार्च, शुक्रवार

झटका नाही.

आज सुट्टी. आमच्या भागात शुक्रवारी वीज नसते, लूम बंद. सुट्टीच्या दिवशी भत्ता मी कालवायचा, हा आमच्या घरचा रिवाज, बाप करायचा तेव्हापासूनचा. पेपर अंथरायचा, त्यावर मुरमुरे, शेव, फुटाणे, कच्चा कांदा, मिरची, कोथिंबीर टाकायची, वरून कच्चं तेल सोडायचं आणि हातानं कालवायचं. चमच्यानं कालवला तर तो भत्ता नव्हे, दुकानातला चिवडा. पहिली मूठ नूतनच्या तोंडात, ती चार वर्षांची होती तेव्हापासून. आता नवरी झाली तरी आ करून पुढे येते.

सकाळी मात्र डोकं फिरलं. प्लेगच्या साली आम्ही सुरतेतलं कतारगाम सोडून इथे सचिन गावाच्या पुढे राहायला आलो. मगनभाईंची चाळ, बावीस खोल्या आणि दोन संडास. दोन्ही सहा महिन्यांपासून भरलेत, म्हणून भाईंनी त्यांना कुलूप लावून टाकलं. बाया अंधारात उरकतात, आम्ही पुरुष नहरीच्या काठाला जातो. नहर म्हणजे इथला कालवा. पलीकडे उखाची आणि आणखी चार घरं आहेत, त्यांची डुकरं. माणूस उठायच्या आत डुक्कर हजर. ढेकळं मारली तरी हटत नाही, उलट आपल्यालाच घाई करतं. तांब्याभर पाणी, त्यात काय धुवायचं आणि काय नाही? साबण तर बायांच्या धुण्यालाच पुरत नाही. तसाच चिडत घरी आलो आणि भत्त्याला बसलो.

आणखी एक लिहून टाकतो, इथे वाचायला कोण येतंय. दीड-दोन वर्षं झाली, मला अधूनमधून पोटातून पांढऱ्या चपट्या पट्ट्या पडतात, भिजलेल्या शेवयांच्या तुकड्यांसारख्या. दुखत नाही, खुपत नाही. लूमवरचा लोटू म्हणतो, उष्णता आहे, ताक पी. काल पगार झाला तेव्हा त्यानंच मला ओढून नहरीपलीकडे नेलं. तिथे दोन घास खाल्ले. मायनं तुळशीची माळ घातली आहे, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. पण बाहेरचं ते बाहेर.

२ एप्रिल, बुधवार

झटका. सकाळी नऊ वाजता, पाच मिनिटांच्या वर. थांबला असं वाटलं आणि पुन्हा सुरू झाला. जीभ चावली, ओढणी रक्तानं भिजली.

सरस्वती म्हणाली, पांडेसऱ्याला एक भगत आहे, बाहेरचं काही असेल तर उतरवतो. मी म्हटलं, बाहेरचं काही नाही, आपलंच नशीब आतून सडलंय. रिक्षा केली आणि थेट सुरतेला मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे नेली. त्यांनी डोक्याचा फोटो काढायला सांगितला. मशीनच्या त्या गोल भोकात नूतनला सरकवलं तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. मला हसून दाखवायचं होतं, जमलं नाही.

५ एप्रिल, शनिवार

आज मला कळलं कोणावर चिडायचं ते.

फोटोत मेंदूवर चार ठिपके आहेत. डॉक्टरीणबाई गुजराती, माझ्याशी हिंदीत बोलल्या. म्हणाल्या, या कृमीच्या गाठी आहेत, डुकरात असते त्या कृमीच्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, बाई, आमच्या घरात माळ आहे, या पोरीनं जन्मात अंडं खाल्लं नाही आणि तुम्ही डुकराची गोष्ट करता. त्या शांतपणे म्हणाल्या, तिनं खाल्लंय असं मी म्हणत नाही. आणि पुढे हाताचं, कच्च्या भाजीचं, पाण्याचं काहीतरी सांगत राहिल्या. माझं लक्ष कुठे होतं? माझ्या डोळ्यांपुढे नहरीच्या काठच्या डुकराची ती काळी थुतरी नाचत होती.

घरात कोणाला पोटात जंत आहेत का, असंही विचारलं. मी नाही म्हटलं. घरातल्या सगळ्यांची संडास तपासून आणा म्हणाल्या. म्हटलं, परीक्षा घ्यायचीच तर त्या डुकरांची घ्या, आमची कसली घेता. नूतन खाली बघत होती.

औषधानं गाठी विरतात, पण सुरुवातीला सूज येऊन झटके वाढू शकतात. झटक्याच्या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. पहिले चार दिवस दवाखान्यात ठेवून औषध सुरू करणार.

कापडात दोष निघाला तर मी शेवटच्या इंचाकडे बघत बसत नाही. धागा धरून मागे मागे जातो आणि कुठे बिघडलं ते काढतो. म्हणून तर मला मास्तर म्हणतात. इथे तर धागा धरायचीसुद्धा गरज नाही. नहर ओलांडली की दोष समोर उभा आहे, चार पायांवर.

७ एप्रिल, सोमवार

लूमवरून परस्पर नहरीपलीकडे गेलो. बरोबर सात-आठ जण होते. लोटू आला नाही, त्याला म्हणे ताप होता.

उखा आमच्याच तालुक्यातला, म्हणजे बोली एकच. झोपडीसमोर बाभळीच्या काट्यांचं कुंपण, आत एक मोठी डुकरीण आणि तिची पिल्लं, बाकीची मोकळी. उखाची बायको अनुसया टोपल्यात कोंडा कालवत होती. मी म्हटलं, तुमच्या डुकरांमुळे माझी बहीण मरायला टेकलीय, आठ दिवसांत हलवा. वाटलं, हात जोडेल. तिनं टोपलं खाली ठेवलं आणि माझ्या डोळ्याला डोळा भिडवून विचारलं :

"मास्तर, मन्हं डुकर तुना घरमा उनं व्हतं का? तुमी सकायले आठे येतस, नि डुकरं तुमनं खातस. कोनी घाण कोना पोटमा गई, ते पहिले सांग."

म्हणजे डुक्कर आमच्या घरात आलं नाही, आम्हीच तिच्या दारात जातो आणि डुकरं आमची घाण खातात. बरोबरची पोरं हसली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मी तोंडाला येईल ते बोललो, इथे लिहिण्यासारखं नाही. उखा मध्ये पडला. तिला म्हणाला, जाऊ दे, मास्तर काही परका नही. आणि माझ्याकडे असं बघितलं की मी पाठ फिरवली. त्या बघण्याचा मला अजून राग येतोय.

१० एप्रिल, गुरुवार

नूतन दवाखान्यात. औषध सुरू. झटका नाही.

पंचायतीत अर्ज दिला, सही-अंगठे मिळून चौसष्ट. मजकूर मी लिहिला : 'डुकरांमुळे मेंदूचा रोग पसरत असून एक निष्पाप मुलगी मृत्यूच्या दारात आहे.' मगनभाईंनी मला ओट्यावर खुर्ची दिली, चहा पाजला. तीन वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, "भूंड जाय एटले बधुं चोख्खुं." डुकरं गेली की सगळं स्वच्छ. माझ्या मनात आलं की संडासाच्या कुलपाचं विचारावं. पण माणूस आपल्या बाजूनं उभा असताना वाकडं कशाला बोला?

१३ एप्रिल, रविवार

झटका. दवाखान्यातून आल्यावर दुसऱ्याच दिवशी, दुपारी. दोन मिनिटं. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, तरी पाचावर धारण बसली.

चाळीतल्या कोणीतरी उधन्याला बातमी पोहोचवली. आमच्या लोकांना दुसऱ्याच्या घरची आग लांबून बरोबर दिसते.

१८ एप्रिल, शुक्रवार

झटका नाही. डुकरं गेली.

सकाळी पंचायतीनं बोलावलेली माणसं टेम्पो घेऊन आली. फासे, काठ्या, जाळी. चाळीतली चाळीसेक माणसं मदतीला. मीही लूमचं एक जुनं लाकूड घेऊन गेलो. डुकरं किंचाळतात ते माणसासारखं, कान फाटतात. मोठ्या डुकरिणीला कुंपणाबाहेर ओढताना ती पिल्लांकडे वळली, तेव्हा मी तिच्या पाठीत चार लाकडं घातली. दवाखान्यातली पोरगी डोळ्यांपुढे होती, हात थांबला नाही. अकरा डुकरं टेम्पोत गेली. दोन नहरीत पडली आणि वाहून गेली.

एक टेम्पोखाली आलं. पकडणाऱ्यांनी ते तिथेच फाडलं, वाटे करायला. मांसात पांढरे दाणे भरलेले, साबुदाणा सांडावा तसे. सगळे शी-शी करत मागे सरले. मला काही नवं वाटलं नाही. लोटू तर अशाच दाण्याचं मागून घेतो, म्हणतो गोड लागतं.

अनुसया रडली नाही. रिकाम्या कुंपणात टोपलं घेऊन उभी होती. तिची पोर म्हणाली की या दिवाळीला ती डुकरीण विकून तिला स्वतःला सासरी पाठवणार होते. मला वाईट वाटलं नाही. वाटू दिलं नाही.

घरी येताना पोरांनी मला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं होतं. सुट्टी होती. हातांवरून पाणी ओतलं आणि मोठ्या पाटीभर भत्ता कालवला, निम्म्या चाळीला पुरेल इतका. पहिली मूठ नूतनला. तिनं विचारलं, भाऊ, हात धुतलेस का. म्हटलं, धुतले गं, तुझ्यासाठी तर आज सगळी नहर धुतली.

२६ एप्रिल, शनिवार

झटका नाही. लग्न मोडलं.

पांडुरंगकाका आणि त्यांचे दोन मेहुणे आले. चहा घेतला नाही, तेव्हाच कळलं. आधी म्हणाले, मिरगीवाली पोर आम्ही कशी करायची? मी फोटो दाखवला, कागद दाखवले. सांगितलं की मिरगी नाही, डुकराची कृमी आहे, सहा महिन्यांत बरी होईल. तिथेच माझं चुकलं. काकांनी मेहुण्यांकडे बघितलं आणि म्हणाले, योगराज, डुक्कर खाल्ल्याशिवाय डुकराचा रोग होतो का? तुमच्या आईच्या गळ्यात माळ आणि पोरीच्या पोटात हे. आम्हाला नात्यात तोंड दाखवायचं आहे.

मी उठून त्यांची कॉलर धरणार होतो. नूतन पडद्यामागून बाहेर आली. अंगठीची डबी काकांच्या पायाजवळ ठेवली आणि आत गेली. तिचा चेहरा दगडासारखा होता.

आता सगळ्या उधन्यात, पांडेसऱ्यात, आमच्या गावापर्यंत हेच. योगराजची बहीण डुक्कर खाते. जिनं कधी अंड्याचं टरफलसुद्धा हाती धरलं नाही, ती. या लोकांची जीभ हासडून नहरीत फेकावी. नाकानं कांदे सोलणारे सगळे. यांच्यातले किती जण पगाराच्या दिवशी कुठे असतात, ते मला विचारा. मी एकेकाचं नाव सांगू शकतो.

सांगितलं नाही.

९ मे, शुक्रवार, आखाजी

झटका नाही. सव्वीस दिवस झाले.

माय परवा गावाहून आली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात. चाळीच्या पोरींनी लिंबाला झोका बांधला. नूतनला डॉक्टरीणबाईंनी मनाई केली आहे, ती दारातून बघत बसली.

मायनं आल्या दिवसापासून नूतनचं ताट, वाटी, तांब्या वेगळा केला आहे. मोरीजवळ पालथा घालते. नूतननं पाण्याचा हंडा उचलला तर म्हणाली, राहू दे, सरस्वती भरेल. मी विचारलं, माय, हे काय. ती म्हणाली, "लगीन मोडनं ते मोडनं. मनी माळ तरी ऱ्हाऊ द्या."

मायचा फार राग आला. सख्ख्या लेकीला वाळीत टाकते, आणि मला मात्र आपल्या हातानं पुरणपोळीवर तूप वाढते, घे रे बाळा, वाळलास. मी खाल्लं. एक शब्द बोललो नाही. सणाच्या दिवशी घरात तमाशा नको म्हणून.

संध्याकाळी भत्ता कालवला. नूतननं घेतला नाही. पोट भरलंय म्हणाली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

१४ मे, बुधवार

काय लिहू. झटका नाही.

डॉक्टरीणबाईंकडे तपासायला गेलो. झटक्यांच्या तारखा विचारल्या. मी खिसा चाचपला, चिठ्ठी घरीच राहिली होती. नूतननं पिशवीतून ही वही काढली आणि मी हात पुढे करेपर्यंत बाईंपुढे ठेवली. उघडून. तारखांचं पान नव्हे, २१ मार्चचं.

बाईंना मराठी थोडं वाचता येतं. एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी नूतनला अर्थ विचारला. नूतननं सांगितला, पट्टी, शेवयांसारखी. सरळ आवाजात, शाळेत धडा वाचावा तसा. मी ओरडलो, ही माझी खासगी वही आहे. बाहेरची कंपाउंडर बाई डोकावून गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बसा. मी बसलो.

मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. ५ एप्रिललाही बहुतेक हेच सांगत होत्या, मी ऐकलं नव्हतं. दाण्याचं मांस नीट न शिजवता खाल्लं की खाणाऱ्याच्या आतड्यात पट्टीसारखी कृमी वाढते. तिची अंडी त्या माणसाच्या संडासातून पडतात. ती डुकरानं खाल्ली की डुकराच्या मांसात दाणे. तीच अंडी माणसाच्या तोंडात गेली की माणसाच्या मेंदूत दाणे. डोळ्याला दिसत नाहीत, नखात बसतात. डुकराच्या अंगातनं थेट तुमच्या बहिणीच्या डोक्यात काही जात नाही, म्हणाल्या. मध्ये माणूस लागतो.

मी विचारलं, मीच कशावरून? नहरीवर शंभर माणसं बसतात. त्या म्हणाल्या, असेलही दुसरा कोणी, पाण्यातून, भाजीतून, शंभर टक्के कोणीच सांगू शकत नाही. मी त्या 'असेलही'ला घट्ट धरलं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, घरात कच्चं कोण कालवतं?

नूतननं माझ्याकडे बघितलं नाही. तिला उत्तर द्यावं लागलं नाही.

रिक्षा सचिन गावाजवळ आली तेव्हा नूतन माझ्याकडे वळली. मला वाटलं, तू मला मारलंस असं म्हणेल, आणि मी ऐकून घ्यायला तयारही होतो. ती एवढंच म्हणाली :

"भाऊ, मायनी मनं ताट येगळं करं, तवय तू समोर बसेल व्हता."

१६ मे, शुक्रवार

माझ्या तपासणीत निघालं. सरस्वतीच्या आणि मायच्या तपासणीत काही नाही. चावून खायच्या गोळ्या दिल्या, चुन्यासारख्या लागतात. बाई म्हणाल्या, एवढ्यानं सुटाल. मी सुटेन.

दुपारी जेवायला बसताना मोरीजवळचं नूतनचं ताट उचललं आणि माझ्यापुढे ठेवलं. माय म्हणाली, ते तुझं नाही. म्हटलं, माय, हे माझंच आहे, आणि सगळं सांगितलं. किती वर्षं खातो, कोणाकडे खातो, पट्ट्या, भत्ता. सरस्वतीच्या हातातला झारा तसाच राहिला. मायनं ते ताट माझ्यापुढून ओढून घेतलं, राखेनं घासलं, त्यात वाढलं आणि नूतनपुढे ठेवलं. मला वाढलं नाही. स्वतःही जेवली नाही. मला वाटलं होतं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिथून नहर ओलांडली. उखा कामावर होता. अनुसया कुंपणाचे काटे जाळत होती, आता त्यांचा उपयोग काय. तिला सांगितलं की दोष माझ्यातच निघाला. तुमच्या डुकरांना आमच्याच लोकांकडून गेलं होतं. पंचायतीत तसं लिहून देतो आणि मगनभाईंना संडासाचं कुलूप काढायला लावतो. तिनं ऐकून घेतलं. काठीनं विस्तव पुढे सारला आणि म्हणाली :

"डुकरं टेम्पोमा भरी दिनात. आते तुले कोन टेम्पोमा भरी?"

ती आपल्या कामाला लागली.

आता राहिलं उधना. पांडुरंगकाकांकडे जाऊन सांगायला हवं, हे मला कळतं. पण तिथे बोललो की लूमवर, नात्यात, गावात, सगळीकडे. मायला गावी परत जायचं आहे, तिच्या माळेचं काय होईल? आणि लग्न तर मोडलंच आहे, आता सांगून काय बदलणार? दोन दिवस डोकं शांत होऊ दे. पुढच्या आठवड्यात बघू.

१८ मे, रविवार

हे नूतन लिहिते आहे.

झटका नाही. पस्तीस दिवस झाले. १३ एप्रिलचा झटका भाऊनं दोन मिनिटांचा लिहिला आहे, तो तेव्हा लूमवर होता. वहिनीनं घड्याळ लावलं होतं, साडेचार मिनिटं होती. दुरुस्त करून ठेवते.

आज माझं लग्न होतं. सकाळपासून घरात कोणी त्याचं नाव काढत नाही, जणू मी विसरले असेन.

ही वही मी ४ मेपासून वाचते आहे. आधी तारखा बघायला उघडली होती, मग सगळी वाचली. दहा दिवस मी वाट बघितली. मायनं माझा तांब्या मोरीत पालथा घातला तेव्हा बघितली. त्यानं भत्त्याची मूठ पुढे केली तेव्हासुद्धा बघितली, वाटलं, आता तरी हा आपल्या हाताकडे बघेल. त्याला खरंच माहीत नव्हतं, हे मला पटतं. पट्टी कसली ते त्याला माहीत नव्हतं. पण तो काय खातो ते त्याला माहीत होतं. लोक मला नावं ठेवत होते, तेव्हा त्यानं तेवढं एक वाक्य बोलायचं होतं.

त्यानं मला खांद्यावर घेऊन सुरतेला आणलं, हे तो सगळ्यांना सांगतो. खरं आहे. मी पण सांगते. म्हणून मला जास्त राग येतो.

'पुढच्या आठवड्यात बघू' वाचलं. मी बघणार नाही. मी आणि वहिनी आता अकराच्या बसनं उधन्याला चाललो आहोत. पांडुरंगकाकांच्या ओट्यावर उभी राहून मी २१ मार्चचं पान मोठ्यानं वाचणार, मग १८ एप्रिलचं, मग परवाचं. त्यांच्या शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. गणेशशी लग्न मला नको, परत बोलावलं तरी नको. माझं नाव तेवढं त्यांच्या घरात अडकलं आहे, ते घेऊन येते. येताना अनुसयाबाईंकडे जाणार आहे. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही.

मायनं गोळी काढून ठेवली होती, ती आत्ता घेतली. पाणी तिनंच दिलं, तिच्याच तांब्यातून.

भाऊ ओट्यावर बसला आहे. आम्ही कुठे चाललो ते त्याला ठाऊक आहे. मी चल म्हटलं तर लगेच उठेल, म्हणून मी म्हणणार नाही. उठायचं तर त्यानं आपणहून उठावं. त्याची चप्पल दारातच आहे.